लटकत्या काट्यावरचा टॅबलेट

माझ्या धाकट्या मावशीनं आयुष्यात एकही वस्तू वजन केल्याशिवाय घरात घेतलेली नाही, आणि एकही माणूस तीन प्रश्न विचारल्याशिवाय. पाथर्डीच्या पुढं एका गावात ती तेवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पोरांचं वजन करायचा तो लटकता काटा सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर हूक, मधे घड्याळासारखी तबकडी आणि खाली कापडी चड्डी. पोराचे पाय चड्डीत घालायचे, पोर लटकवायचं, ते रडायला लागलं की काटा वाचायचा. हा काटा मावशीच्या पिशवीत कायम असतो. त्या चड्डीत बसून मावशीच्या घरात भोपळे आलेले आहेत, आईनं पाठवलेले फराळाचे डबे आलेले आहेत आणि एकदा माझी कॉलेजची बॅगही आलेली आहे. "साडेसहा किलो," ती तबकडी वाचून म्हणाली होती. "ह्यातलं डोक्यात किती गेलं, त्याचं वजन कोन करनार?"

तीन प्रश्न म्हणजे सकाळी अंगणवाडीच्या दारात ती पोरांना विचारते ते: "हात धुतले? नाक पुसलं? आईला सांगितलं?" तिन्हींचं उत्तर हो असलं तरच आत प्रवेश. पण तेवीस वर्षांत ही सवय दाराबाहेर पडली. गावात आलेल्या वायरमनला ती हेच विचारते, तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकाबाईंनाही विचारते. मला बघायला आलेल्या एका मुलालाही पोहे देताना तिनं विचारलं. त्यानं पहिल्या दोन प्रश्नांना मान डोलावली आणि तिसऱ्याला शेजारी बसलेल्या आईकडं पाहिलं. पाहुणे गेल्यावर मावशी म्हणाली, "न्हाई जमायचं. उत्तर त्याच्याकडं नव्हतंच, आईकडं ठेवायला दिलं हुतं." मी सहसा बोलत नाही. पण मनातून मला बरं वाटलं होतं.

अशा मावशीचा मागच्या वर्षी गणपतीनंतर मला फोन आला. "तू इंग्रजी शाळंत शिकलीस. मला एक टॅबलेट घ्यायचाय. डोकेदुखीचा न्हाई, दुसरा."

टॅबलेट हवा होता अन्नूसाठी. शाळेच्या कागदावर अनुष्का, घरात अन्नू, वय वर्षं पाच. तिचे आईबाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोपरगावकडं जातात आणि चैत्रात परततात. घरी मागं राहायला कुणी नाही, म्हणून पोरंही बरोबर जातात. अन्नू मावशीच्या अंगणवाडीतली सगळ्यात हुशार मुलगी. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. पण मधले सहा महिने तिला तळावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावर काढायचे होते. हुशारीनं ते भरून निघतील, असं कुणीही म्हणालं असतं. मावशी म्हणत नव्हती, कारण अन्नूच्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत सहा वर्षांपूर्वी ती हेच म्हणाली होती. ती मुलगीही अशीच तळावर गेली. परत आली तेव्हा कडेवर तान्ही अन्नू होती आणि अक्षरं पुसली गेली होती. शाळेत चार दिवस बसली, लाजली आणि उठली ती उठलीच. "एक माझ्या काट्यावरनं निसटली," मावशी फोनवर म्हणाली. "दुसरी न्हाई निसटू द्यायची." तिच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि मावशीच्या आवाजात थट्टा नसली की मला भीती वाटते.

मी तीन दिवस इंटरनेटवर वाचत बसले. स्वस्तातला टॅबलेट लहान मुलांसाठी घ्यायचा तर मेमरी किती हवी, बॅटरी किती, पडदा केवढा, आणि शेवटी घेण्याजोग्या टॅबलेटची यादी, असा दोन पानी कागद तयार केला. नगरला एसटी स्टँडवर मावशीनं तो उभ्यानंच वाचला, उलटा करून मागंही पाहिलं आणि म्हणाली, "समदं चांगलं लिहिलंयस. ह्यात पोरगी कुठं हाय?"

दुकानात शिरताना मी तिच्या पिशवीकडं पाहिलं. काटा होता. तिनं तो शटरच्या आकड्याला अडकवला, चड्डी खाली सोडली आणि काचेतला पहिला टॅबलेट मागितला. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी एका फ्रीजच्या आड उभी राहिले.

"मावशी, वजन बॉक्सवर लिहिलेलं असतं," दुकानदार म्हणाला.

"पोषण आहाराच्या पाकिटावर बी लिहिलेलं असतंय. आमच्या पोरीच्या एका कडेवर भाऊ असतो. दुसऱ्या हाताला पेलंल असं दावा."

मग तिनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला, बोट चिकट केलं आणि पडद्यावर फिरवलं. दुकानदार "अहो, अहो" करत राहिला. "पोरांची बोटं कोरडी असत्यात व्हय?" मावशीनं शांतपणे विचारलं. चिकट बोटाला दोन टॅबलेट दाद देईनात, ते बाद झाले. तिसरा तिनं पोराच्या छातीएवढ्या उंचीवरून स्वतःच्या चपलेवर पाडला. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला, टॅबलेट मात्र चालू राहिला. शेवटी तिनं मला फ्रीजआडून ओढून, टॅबलेट हातात देऊन दारात उभं केलं आणि ती स्वतः रस्ता ओलांडून पलीकडं गेली. मधून ट्रक, रिक्षा, एसट्या जात होत्या. "लाव गानं!" ती तिकडून ओरडली. तळावर दिवसभर ट्रॅक्टर घुरघुरतात, आवाज त्यावर गेला पाहिजे, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. पण भर रस्त्यात हातात बडबडगीत घेऊन उभी असलेली मी, माझं काय झालं असेल ते मलाच माहीत. माझ्या यादीत तळाला असलेला, जाडजूड, निळ्या रबरी कव्हरचा, वर कडी असलेला टॅबलेट पास झाला.

पुढचे आठ दिवस आम्ही तो भरत होतो. तळावर इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून सगळं आधीच कार्डावर टाकायचं होतं. मावशीनं आधी त्यातलं सगळं माझ्याकडून काढून टाकलं. "पोरीच्या हातात बाजार नको." मग स्वतः उभी राहून चाळीस छोटे धडे सांगितले आणि मी ते चित्रित केले. प्रत्येक धडा तीन प्रश्नांनी सुरू होत होता. प्रत्येकाच्या शेवटी मावशी पडद्याजवळ तोंड आणून दटावत होती, "पुरे आता. पाणी पी. भाईर जा." मी तिला सांगितलं की वेळेची मर्यादा घालायची सोय टॅबलेटमध्ये असते. "मशीन पोरीला उठ म्हनंल, पर ती का उठंल?" मावशी म्हणाली. "माझ्या आवाजाला उठंल."

खंडेनवमीला मी तिथंच होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी निघणार होती. अन्नूच्या घरी पाटावर दोन कोयते धुऊन ठेवले होते, आणि त्यांच्या शेजारी टॅबलेट. ज्याच्यावर पोट आहे त्याची त्या दिवशी पूजा होते. अन्नूच्या आईनं कोयत्यांना कुंकू लावलं आणि ताट मावशीपुढं धरलं. "बाई, तुमच्या हत्याराला तुमीच लावा." मावशीनं हळद-कुंकू पाण्यात चांगलं कालवलं, टॅबलेटवर पाच बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या आणि आरतीसाठी तो उभा केला. ओल्या कुंकवाचा ओघळ अक्षता घेऊन खाली गेला, कडेशी थांबला आणि चार्जिंगच्या भोकात उतरला. मी पाहिलं. हात पुढं करायला पुरेसा वेळ होता. पण सगळ्यांचे हात जोडलेले होते, आणि पूजेच्या मधे बोलणारी इंग्रजी शाळेतली मुलगी मला व्हायचं नव्हतं. नंतर मावशीनं तो पदरानं पुसला, पेटवून पाहिला. छान पेटला. बॅटरी भरलेली होती ना.

टोळी गेल्यावर अकराव्या दिवशी अन्नूच्या वडिलांचा फोन आला. "बाई, तुमची पाटी दोन दिसच बोलली. आता पेटतच न्हाई. हाटेलात रातभर चार्जिंगला लावली, तरी न्हाई. आन आमची टोळी परवा पुढच्या गावाला हलनार हाय." पुढचं गाव कुठलं ते टोळी नेणाऱ्या मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नगरच्या स्टँडवर हजर होती. कोपरगावच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मांडीवर काट्याची पिशवी. कंडक्टर आला. तिनं त्याला काहीही विचारलं नाही, फक्त तिकिटं घेतली. राहुरी गेली, बाभळेश्वर गेलं. "स्वस्तातला घेतला, तितंच चुकलं," एवढंच एकदा म्हणाली. "पोरीला वाटंल, बाईनं फसवलं." मी ओठांपर्यंत आणलेलं वाक्य गिळलं. कोपरगाव येईपर्यंत मी ते चार-पाच वेळा गिळलं असेल.

तळावर पोचलो तर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रिकाम्या. सगळे तोडीला उसाच्या फडात गेले होते. एका म्हातारीनं हात करून दिशा दाखवली आणि आम्ही उसाच्या कडेकडेनं चालू लागलो. टोळी आजच हलली असली तर काय, हा विचार दोघींच्याही चालण्यात होता. मावशी जवळजवळ धावत होती. आणि अचानक थांबली. उसापलीकडून आवाज आला.

"हात धुतले? नाक पुसलं? आईला सांगितलं?"

मावशीनं माझा दंड धरला. "चालू झाला बघ!" तिचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर खरं वाटलं. आम्ही वळसा घालून गेलो. उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगावर चार शेंबडी पोरं ओळीनं बसली होती. समोर अन्नू उभी होती, एक हात कमरेवर, अगदी मावशीसारखा, दुसऱ्या हातात कडीनं धरलेला निळा टॅबलेट. त्याची काच काळी होती. त्या काळ्या काचेवर बोट ठेवून ती म्हणत होती, "हा ग. गवताचा ग. गन्या, तिकडं काय बघतो? डोळे माझ्याकडं." मग काच पोरांच्या तोंडाजवळ नेऊन तिनं दटावलं, "पुरे आता. पाणी प्या. भाईर जा." बाहेरच बसलेली ती पोरं उठून आणखी थोडी बाहेर गेली.

मावशी हसली नाही. मटकन बांधावर बसली. अन्नू पळत आली आणि टॅबलेट पुढं करून म्हणाली, "बाई, ह्याला चौदा येतं. पुढचं मला येत न्हाई." दोन दिवसांत चौदा धडे तिनं पाहिले होते, आणि पुढचे सव्वीस आत अडकले होते.

मी टॅबलेट हातात घेतला. भोकात वाळून कठीण झालेलं लाल कुंकू होतं आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "पूजेत आत गेलं. मी पाहिलं होतं."

मावशीनं वाकून भोकात पाहिलं. गुळाच्या बोटानं, चपलेवर पाडून जे तिनं तपासलं होतं, ते तिच्याच हातच्या कुंकवानं बंद पडलं होतं. "तू बघितलंस?"

"हो."

"मग माझा हात का न्हाई धरला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, कुणाकडं ठेवायलाही दिलेलं नव्हतं. मावशीनं बांगडीतली पिन काढून पुढं केली. मी म्हणाले, "पिन नको. आतलं तुटेल. बाभळीचा काटा द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी मावशीला नको म्हणाले असेन. काटा आणून दिला अन्नूच्या थोरल्या बहिणीनं. ती तोवर धाकट्याला मांडीवर घेऊन बाजूला बसली होती, तिच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. मी हलक्या हातानं कुंकू कोरत राहिले. दाणा निघाला. मुकादमाच्या टेम्पोत चार्जरला लावला. पाच मिनिटं काही नाही, दहा मिनिटं काही नाही. मावशी टेम्पोभोवती फेऱ्या मारत होती. मग काचेवर बॅटरीचं छोटं चित्र उमटलं, आणि मावशीनं मुकादमाला मोठ्यानं विचारलं, "हात धुतले का रं तू?" तेव्हा मला कळलं की सगळं ठीक आहे.

चैत्रात टोळी परतली. ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. मावशीनं अन्नूला आधी काट्याला लावलं. पाय जमिनीला टेकले, चड्डीत ती मावेनाच. मग चाळिसाव्या धड्यातलं विचारलं. अन्नूनं सांगितलं, वर एक्केचाळिसावा स्वतःचा जोडला. जूनमध्ये ती पहिलीत जाईल याची आता कुणालाच शंका नव्हती. टॅबलेट मावशीच्या पिशवीत परत आला, रबरी कव्हराला उसाच्या रसाचे डाग घेऊन. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी जाणारच होतं.

संध्याकाळी आम्ही अंगणवाडीचं दार लावत होतो, तेव्हा अन्नूची थोरली बहीण पायरीशी येऊन उभी राहिली. कडेवर भाऊ नव्हता, म्हणून हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. खाली बघत ती म्हणाली, "बाई, आठ दिस मी ठेवू का त्याला? अन्नू बघायची तवा मी मागनं बघायची. पर भांडी घासता घासता मधलं मधलं राहून गेलं."

दारात उभ्या असलेल्या माणसाला मावशीनं तीन प्रश्न विचारले नाहीत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी वाट पाहत राहिले. ती मुलगीही वाट पाहत होती. तिनं हात धुतलेले होते, अजून ओले होते. मावशीनं पिशवीतून टॅबलेट काढला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

त्या दिवशी मावशीनं काहीच विचारलं नाही. फक्त लावलेलं दार पुन्हा उघडलं.