राईच्या विहिरीवरची पोरगी

गोडदेवच्या गावठाणातलं कृष्णाबाईंचं घर आता चार टॉवरांच्या मध्ये कोंडून बसलंय. बाईंचं वय एक्याण्णव. दात तीनच उरलेत, पण जीभ शाबूत, आणि त्या जिभेचा निम्मा वापर गेली अडतीस वर्षं एकट्या उर्मिलेवर, म्हणजे सुनेवर झालेला.

"मी नऊ वर्सांची असताना डोक्यावर दोन हंडे घेऊन यायची. इंग्रजांचं राज्य होतं, नळ कोणी बघितला होता?"

उर्मिलेचे गुडघे दुखले की हे वाक्य. ताप आला की हेच. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हंडा उचलताना पाय लटपटले, तेव्हाही हेच. पुढे घरात मोटर आली, गच्चीवर टाकी बसली, तरी सकाळचं प्यायचं पाणी अंगणातल्या नळावरून सुनेनेच पितळी हंड्यातून, डोक्यावरून आणायचं, हा नियम काही हलला नाही. कारणही तसंच भारदस्त होतं. कृष्णाबाईंच्या सासूने त्यांना पसंत केलं होतं तेच मुळी माहेरी, राई गावच्या विहिरीवर, हंडे वाहताना बघून.

दोन महिन्यांपूर्वी उर्मिलेच्या मुलाचं, राजचं लग्न झालं. नवी सून दिशा सकाळी सातला ऑफिसला निघणारी. कृष्णाबाईंनी हंड्याचा मान मोठ्या कौतुकाने तिच्या डोक्यावर ठेवला. आठ दिवस पोरीने सोसलं, नवव्या दिवशी मान धरून राजला म्हणाली, "आपण मीरा रोडला वन बीएचके बघूया."

बघितलाही. रविवारी करार व्हायचा होता. नवरा गेल्यापासून उर्मिलेला राजशिवाय कोण होतं? पण सासूपुढे तोंड उघडायची सवय नव्हती, आणि मुलाला थांब म्हणायला तोंड नव्हतं.

शनिवारी सकाळी कृष्णाबाईंचा धाकटा भाऊ लीलाधर नवी सून बघायला राईहून आला. एकोणनव्वदचा म्हातारा, हातात बोईटांची पिशवी. उर्मिला ओसरीवर मासे साफ करायला बसली. दिशा हंडा घेऊन वाकत वाकत दारात आली, आणि कृष्णाबाईंची कॅसेट सुरू झाली, "मी नऊ वर्सांची असताना..."

लीलाधर आधी हसला, मग हसता हसता त्याला ठसका लागला.

"बाय, तू? तू कवा हंडा उचललास?"

"गप ऱ्हा लीलू."

"आता कशाला गप? दोघांचे पाय मसणात हायत." तो दिशाकडे वळला. "पोरी, पानी मी भरायचो. हिचा परकर घालून, डोक्यावर फडकं घेऊन."

दिशाने हंडा उतरवून तिथेच टेकवला. उर्मिलेच्या हातातलं बोईट अर्धी खवलं काढलेलं तसंच राहिलं.

म्हातारा रंगात आला. पोरीने पाणी भरायचं, पोराने बापाशेजारी बसून जाळ्याची भोकं सांधायची, अशी घरोघरची वाटणी. लीलाधरची बोटं जाळ्यात अडकायची आणि बापाची थप्पड बसायची. कृष्णेची मान हंड्याखाली मोडायची, पण जाळं तिच्या हाती दिलं तर सांधा शोधून सापडायचा नाही.

"मंग आम्ही बदली केली. ही दार लावून जाळं सांधायची, मी पहाटे पान्याला. पोरगा पानी भरतो म्हटल्यावर गाव हसला असता ना? म्हणून परकर!"

"आणि वडलांना कळलं नाही?" उर्मिलेला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"बापाला जाळं चांगलं पायजे होतं."

"म्हणजे मामा, विहिरीवर आईंच्या सासूने..."

"मला बघितलं!" लीलाधरने मांडीवर थाप मारली. "गोडदेवची बाई काठावर उभी. म्हणते, काय ताठ चालते पोर, कुणाची गं तू? मी काय बोलणार? घराकडं बोट दाखवलं नि पळालो."

 अडतीस वर्षं उर्मिला परकर घातलेल्या एका सात वर्षांच्या पोराच्या बरोबरीने चालायला धडपडत होती!

"आई, खरं हे?"

कृष्णाबाई बोईटांकडे बघत म्हणाल्या, "लग्नानंतर उचलले ना. पयल्याच दिवशी हंडा पडला. सासू म्हणाली, म्हायेरी तर कशी चालायचीस. रातभर मान शेकायची मी."

"एवढं दुखायचं तुम्हाला? मग मला का? हिला का?"

"मला कुनी सोडलं न्हाय."

एवढं साधं, एवढं सपाट.  उर्मिला खवल्यांच्याच हातांनी उठली, भरलेला हंडा उचलून अंगणातल्या तुळशीत, जास्वंदीत, उरलेलं फरशीवर ओतलं, आणि आत येऊन माठ मोटरच्या नळाखाली लावला.

"उद्यापासून पाणी हे असं येईल. तुम्हाला चालणार नसेल तर परत पाठवा मामांना विहिरीवर."

कृष्णाबाईंनी अर्धं राहिलेलं बोईट पुढ्यात ओढलं आणि खवलं काढायला घेतली. 

दिशाने फोन काढून राजला लावला. "ऐक, उद्याचं कॅन्सल कर. का म्हणजे? मामाआजोबा आलेत, जेवायला थांबतायत. अजून काय काय निघतंय ते मला ऐकायचंय."