नाव झिजलेला दगड

नातीच्या मेणखडूंचा वास आला, की मला शारजातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. माझ्या इंग्रज बॉसने त्याच्या गावच्या चर्चमधल्या हजार-बाराशे वर्षांच्या, क्रूस कोरलेल्या थडग्याच्या दगडाचा मेणखडूने कागदावर ठसा घेऊन मला दिला होता. वसईत लहानपणी चर्चमधल्या लॅटिन मिस्साला, म्हणजे उपासनेला, धर्मगुरूंच्या हाताखाली सेवा केलेल्या माझ्या पप्पांनी तो बोट फिरवत वाचला. "ओराते प्रो... म्हणजे, यांच्यासाठी प्रार्थना करा." पुढचं नाव झिजलं होतं.

पप्पांनी लगेच हात जोडले. "मागितलेली प्रार्थना नाकारू नये. नाव नाही, तर माझं घेतो."

मृतांच्या प्रार्थनेत स्वतःचं नाव! "पप्पा, खलास!" तिथल्या अरबीत 'पुरे' म्हणत मी कागद हिसकावला.

पप्पा गेले; आता त्या प्रार्थनेत पप्पांचं नाव मीच रोज घेते. माझ्यामागे ते कोण घेईल, याचीच भीती वाटते.