‘ढ’चं बटण

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पान खायला उठून जाणारा माणूस. आजही कुणाच्या अंगात आलं तर मी आधी पाणी पाजीन आणि मग डॉक्टरकडे नेईन. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... पण माझी दोन नखं अजून वाकडी आहेत, ती काही गप्पांनी झालेली नाहीत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. अहेरीच्या एका कचेरीत मी नवा टायपिस्ट. नागपूरला शिकलो त्या मशीनवर अक्षरांच्या जागा वेगळ्या, इथल्यावर वेगळ्या. काही अक्षरं दोन बटणं मिळून व्हायची — अर्धा ‘ण’ मारा, मग काना. त्यात बटणांवरची अक्षरं घासून गेलेली. पण साहेबांना मी पहिल्याच दिवशी सांगून बसलेलो, "कुठलंही मशीन द्या, चालवतो." उथळ पाण्याला खळखळाट फार!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी साहेबांनी मला मशीनसकट दवाखान्यात नेलं. प्राणहितेत मासे धरणाऱ्या पोचूभाऊला कुणीतरी टंग्यानं, म्हणजे कुऱ्हाडीनं तोडलं होतं. खांदा हाडापर्यंत उघडा, उजव्या हाताची बोटं कातडीला लोंबत होती. खाटेखाली रक्ताचं थारोळं. त्याची जबानी घ्यायची होती, आणि वेळ फार थोडा होता.

त्याचा आवाज इतका खोल गेलेला की साहेबांना, डॉक्टरांना काही ऐकू येईना. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"ढोमणे मुकादम... बांबूचं भांडन... मले मांगून हानलं..."

आणि मला ‘ढ’ सापडेना! शिफ्ट दाबून? की दोन बटणांची जोडी? अंदाजानं मारावं, तर चुकीचं अक्षर उमटून जबानीच खराब. हातानं शाईनं लिहायला साहेबांची सक्त मनाई. तसली एक जबानी कोर्टात संशयात सापडली होती.

"काऊन नाई लिवून राह्यले, जी?" दारातून त्याची बायको सोमाबाई ओरडली. "नाव लिवा! तो मरून राह्यला!"

मी घाईनं मारलं — ‘एका इसमाने’. मग पोचूभाऊच्या कानात हळूच वाचून दाखवलं. कागदावर नसलेलं नाव तोंडानं घातलं. "ढोमणे मुकादमाने... बरोबर ना, भाऊ?" त्यानं डोळे मिटून होकार दिला. असा नीच मी दुसऱ्यांदा कधी झालो नाही.

"संपलं," पोचूभाऊची नाडी सोडत डॉक्टर म्हणाले.

कागद काढायला मी हात उचलले, तोच कुणीतरी माझी दोन्ही मनगटं पकडली. समोर कुणी नव्हतं! डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर आपटली. उजव्या हाताचं बोट खालच्या ओळीच्या कोपऱ्यातल्या बटणावर... खाड्! ‘ढ’ उमटला. पुन्हा खाड्, काना. पुन्हा, मात्रा. दोन नखं उलटून रक्त उडालं, तरी बोटं आपटतच राहिली. मी गुरासारखा ओरडत होतो. साहेब मला खांद्याला धरून मागे ओढत होते, पण हात सुटेनात. ‘ढोमणे मुकादम’ पुरं झालं तेव्हाच पकड सुटली. कागदाला भोकं पडली होती.

मी साहेबांना आणि डॉक्टरांना बाजूला नेऊन सगळं कबूल केलं. त्यांनी आणि डॉक्टरांनी कागदावर सह्या केल्या. ढोमणेच्या घरी रक्ताळलेला टंग्या सापडला आणि पुढे त्याला शिक्षा झाली.

डॉक्टर म्हणाले, झटका असेल. साहेब म्हणाले, मन खात होतं तुझं. असेलही... पण माझ्या मनाला तरी ‘ढ’ कुठे ठाऊक होता? मला आजही उलगडा झालेला नाही.

निकालानंतर सोमाबाई बाजाराच्या दिवशी कचेरीत आली. पानात बांधलेले मासे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दुसऱ्या कोनी नाव दाबलं असतं, भाऊ. तुमी नाई दाबलं."

मी मासे घेतले. तिला काहीच सांगितलं नाही.