पाणी न घातलेलं फूल

आमच्या सासूबाईंच्या महादेवाचे नखरे फार. त्याला बागेतलं फूल चालत नसे. हरतालिकेला त्याच्यापुढे वाहायचं ते आपोआप उगवलेलंच हवं. कुणी लावलेलं नाही, कुणी जोपासलेलं नाही. पार्वती रानात तपाला बसली तेव्हा तिथे माळी नव्हता, हा त्यामागचा युक्तिवाद. दक्खन सोडून ग्वाल्हेरला येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, घरातलं अर्धं मराठी हिंदीनं खाल्लं, पण हा नियम काही कुणी खाल्ला नाही.

शहरातच थाटीपुरला मला सरकारी क्वार्टर मिळालं, तेव्हा खोल्या किती हे त्यांनी विचारलंच नाही. मागच्या पडीक तुकड्याकडे बघून म्हणाल्या, "अच्छी जागा आहे." पावसाळ्यात तिथे कुरडू, तरोटा, केना, आघाडा अशी सगळी बिनबोलावलेली मंडळी माजायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासूबाईंची पोच तेवढ्या तुकड्यापर्यंतच होती.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवून पळ काढला. आणि त्याआधीच्याच उन्हाळ्यात सासऱ्यांना स्टेंट बसवला होता. सासरे दुपारी झोपले की त्यांचा श्वास चाललाय ना हे बघत सासूबाई दारात उभ्या राहायच्या. पन्नास वर्षं पाळलेलं व्रत यंदा चुकलं तर हा माणूस हातचा जाईल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. माझा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता. पण त्यांची भीती मला बघवेना. म्हणून दहा दिवस, त्यांचा डोळा चुकवून, मी मागे बादलीभर पाणी ओतत होते.

हरतालिकेच्या सकाळी कुरडू तरारून उभा. सासूबाई हरखल्या. "बघ, चारों तरफ सूखा आणि माझ्यासाठी फुलला! महादेवानं ऐकलं गं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळं श्रेय महादेवाला जातंय म्हटल्यावर जीभ कसली ऐकते? "महादेव कसला, आई! दहा दिवस बादल्या मी ओतल्यात."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "पाणी घातलंस? मतलब हे लावलेलंच झालं ना! आता बिल्कुल नाही चालायचं."

स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब घेणार नाहीत, आणि फुलांनीही घ्यायचा नाही! मी भडकले. पण त्या मागच्या पायरीवर बसून रडायला लागल्या, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःचीच लाज वाटली.

स्कूटर काढली. फूलबागेत फुलंच फुलं, पण प्रत्येक वाफ्याला पाणी घातलेलं दिसत होतं. महाराज बाड्याच्या बाजारात पत्रीच्या जुड्या होत्या, विकणारी बाई अभिमानानं म्हणाली, "घर की क्यारी की है, रोज पानी देते हैं।" रस्त्याकडेला जे आपोआप उगवलं होतं ते वाळलं होतं, आणि जे वाळलं नव्हतं ते बकऱ्यांनी खाल्लं होतं.

हात हलवत परत आले. सासरे पोहे खात होते. "उपास माझ्या नावाचा, आणि पोहे माझे मलाच करावे लागतात," ते म्हणाले. "आणि वर टाकीचा पाइप गळतोय, कधीचा ओरडतोय मी. निदान बादली तरी लाव."

बादली घेऊन गच्चीवर गेले. पाइपाखाली भिंतीला तडा होता आणि त्या तड्यातून कंबरमोडी डोकावत होती. शर्टाच्या बटणाएवढी सात-आठ फुलं. मी ती खुडून धावतच खाली आणली.

सासूबाईंनी उलटतपासणी सुरू केली. "कुणी लावलं?"

"कुणी नाही."

"पाणी?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण सकाळचा एक गुन्हा पुरे होता. "टाकी गळते, आई."

"म्हणजे या घराच्या आळशीपणाचं फूल," सासरे म्हणाले. "महादेवाला आवडेल. तोही कुठे काय करतो?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं. मग त्या फुलांकडे पाहिलं. "गळलेल्या पाण्यात कुणाचा हात नसतो," त्या म्हणाल्या. "चालेल." आणि पदरानं डोळे पुसून पूजेला बसल्या.

सासरे त्या वर्षी टिकले, पुढेही ठणठणीत राहिले. गेल्या त्या सासूबाईच, दोन वर्षांपूर्वी, कपाळावरचं कुंकू घेऊन. त्यांना हवं होतं तसंच झालं, पण मला ते अजून पटलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी शेवटी प्लंबर बोलावला. दहा मिनिटांत तो पिशवी घेऊन खाली आला. "दीदी, बाबूजी टंकी को हाथ ही नहीं लगाने दे रहे।"

मी वर गेले. सासरे गळक्या पाइपाशी खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, टाकी गळते म्हणून तुम्हीच ओरडत होतात ना?"

ते भिंतीच्या तड्यातल्या कंबरमोडीकडे बघत होते. "हरतालिका होऊ दे," म्हणाले. "मग बघू."