ऊन दाखवलेलं औषध

आमच्या घरात कुणी उपाशी मरणार नाही, याची पक्की सोय माझ्या सासऱ्यांनी करून ठेवली आहे. डाळीच्या डब्याला ठेचकाळून कुणी मेलं, तर मात्र त्याला इलाज नाही.

माझे सासरे प्रभाकर, म्हणजे आमचे बाबा, भिवंडीतल्या एका शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, भजनी मंडळात बसतात, शब्दकोडी सोडवतात. बाबांनी टंचाई हा विषय घेतला. टंचाई आलेली नव्हती, पण येणार होती. कुठून येणार, हे मात्र बदलत राहायचं. कधी युद्ध, कधी ट्रकवाल्यांचा संप, कधी पाऊस पडणार नाही म्हणून, कधी फारच पडणार म्हणून. फोनवर कुणीतरी निरोप पुढे ढकलायचं आणि बाबा पिशवी उचलायचे.

भिवंडीच्या जुन्या गावातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. दिवाणाखाली तांदूळ, माळ्यावर गहू, टीव्हीमागे साखर. माझ्या साड्यांच्या कपाटात चहाची पाकिटं आहेत, त्यामुळे मी कुठल्याही लग्नाला गेले तरी अंगाला दार्जिलिंगचा वास येतो. बाहेरच्या खोलीत चादर घातलेली एक बैठक आहे. पाहुणे तिच्यावर ऐसपैस बसतात. ती पोह्यांची गोणी आहे, हे आम्ही त्यांना सांगत नाही.

मी पडघ्याची. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी हात जोडून विचारलं होतं, "तुमची काही अपेक्षा?" बाबा म्हणाले, "छे छे, अपेक्षा कसली! तुमचा तांदूळ घरचाच ना? जुना आहे का?" इतकं साधं स्थळ मिळालं म्हणून माझी आई देवापुढे साखर ठेवून आली. तिला काय माहीत, की साखरेवरही या माणसाचा डोळा असेल.

यातली खरी गंमत आमच्या गच्चीवर उभं राहिलं की कळते. पूर्णा गावाच्या बाजूला नजर टाकली तर निळ्या पत्र्यांची गोदामंच गोदामं. अर्ध्या देशाचा साबण, बिस्किटं, तेल, औषधं तिथून ट्रकमध्ये चढतात. माझा नवरा केदार त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. एवढ्या कोठाराच्या दारात राहणारा माणूस उपाशी राहील, तर मग बाकी देशाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हे मी एकदा बाबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ते त्यांचं आहे. आपलं ते घरात असतं." यावर काय बोलणार, कप्पाळ!

आणि दुर्दैवाने बाबा एकदा बरोबर ठरले. लॉकडाऊन लागला, रस्ते बंद झाले, कापडाचे लूम थांबले, आणि आजवर त्यांना हसणारी सगळी इमारत वाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. बाबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. कुणाला डाळ, कुणाला पीठ, खालच्या खोलीतल्या बिहारी कारागिरांना तर दिवाणाखालची अख्खी गोणी. तेवढं त्यांचं मोठेपण मला नाकारता येत नाही. पण एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला पुढे कुणी चूक म्हणू शकत नाही. तेव्हापासून घरात वाद झाला की ते फक्त म्हणायचे, "वीस साल आठव." वाद संपला.

फक्त एक गोष्ट त्या वीस साली घरात नव्हती. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आईंची, थायरॉईडची गोळी.

सासूबाई म्हणजे विद्युल्लता. नाव ठेवणाऱ्याने त्यांचा आवाज ऐकूनच ठेवलं असावं. मागच्या गल्लीत लूम धडधडत असताना तिसऱ्या मजल्यावरून त्या भाजीवाल्याला हाक मारायच्या आणि तो पुढच्या चौकातून मागे यायचा. त्या बाईची गोळी लॉकडाऊनमध्ये संपली आणि कुठेच मिळेना. बाबा तोंडाला रुमाल बांधून, पोलिसांची बोलणी खात, पार कोन गावापर्यंत चालत गेले आणि एक बाटली घेऊन आले. त्या दिवशी दारात ते चपलांसकट खाली बसले आणि रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात औषधांचा साठा सुरू झाला.

एकच चिठ्ठी घेऊन ते निरनिराळ्या दुकानांतून बाटल्या आणायचे. एका केमिस्टने विचारलंसुद्धा, "काका, इतनी बोतल? दुकान डालने का है क्या?" बाबा हसले. त्यांच्या मते तो बिचारा अजून वीस सालाआधीच्या काळात जगत होता.

आता साठवण म्हटली की आमच्याकडे दोन नियम. पहिला, जुनं आधी. नवा तांदूळ मागे जातो, जुना पुढे येतो, त्यामुळे या घरात आल्यापासून मी नव्या तांदळाचा भात खाल्लेला नाही. दुसरा नियम, उन्हाळ्यात सगळ्याला ऊन दाखवायचं. मे महिन्यात गच्चीवर जुनी लुगडी अंथरून तांदूळ, डाळी, मिरच्या, सगळं कडकडीत वाळवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि डब्यात भरायचं. ऊन खाल्लेल्या धान्याला कीड लागत नाही. घराघरात हेच करतात, माझी आईही करते, त्यात वावगं काही नाही.

गेल्या मे महिन्यात बाबांनी पहिल्यांदाच औषधालाही ऊन दाखवलं.

मला हे माहीत नव्हतं. मी शाळेत शिकवते, मे महिन्यात मी पडघ्याला माहेरी असते. केदार दिवसभर गोडाऊनमध्ये, जिथे औषधांची खोकी एसीत ठेवतात आणि एसी बंद पडला तर साहेब धावत येतो. आणि इकडे भर दुपारी त्याच्या आईच्या गोळ्या बाटल्यांतून काढून, स्टीलच्या ताटात पसरून, वर मलमलचं फडकं घालून गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी ठेवलेल्या होत्या. फडकं खुद्द आईंनीच काढून दिलं होतं. कावळ्याने चोच मारू नये म्हणून बाबा स्वतः छत्री घेऊन शेजारी बसायचे. छत्री त्यांच्या डोक्यावर, ऊन गोळ्यांना.

गणपतीनंतर आईंचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, आरत्या जास्त झाल्या. मग चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. ऑक्टोबरच्या उकाड्यात, भिवंडीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकून झोपतात तेव्हा, आई स्वेटर घालून बसायला लागल्या. दुपारी झोपल्या की उठवावं लागायचं. बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि काय बोलत होतो ते विसरायच्या. भाजीवाला खालून जायचा, दोनदा वर बघायचा आणि निघून जायचा. मला त्या गप्प घराची भीती वाटायला लागली. सासूचं बोलणं बंद व्हावं म्हणून नवस करणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. मी ते परत यावं म्हणून करायच्या बेतात होते.

आमच्या नेहमीच्या हेमाली डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळी वाढवली. बाबांनी लगेच वाढीव ताकदीच्या बाटल्या आणल्या आणि मागे ठेवून दिल्या. जुनं संपल्याशिवाय नवं काढायचं कसं? हिशोब जुळावा म्हणून ते आईंना जुन्यातली दीड गोळी द्यायला लागले. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवली, मग जुन्यातल्या दोन. आई जितक्या खचत गेल्या, तितका बाबांचा साठा वाढत गेला. "बरं झालं आपल्याकडे भरपूर आहे," ते म्हणायचे, "नाहीतर एवढा डोस आयत्या वेळी कुठून आणला असता?"

जानेवारीत एके सकाळी चहा टाकायला गेलेल्या आई ओट्यापाशी कोसळल्या. डोळे उघडे होते, पण हाकेला ओ नाही. हात बर्फासारखे. केदारने त्यांना उचलून तीन जिने उतरवले. दवाखान्यात गेल्यावर नाडी इतकी मंद निघाली की डॉक्टरांनी आम्हाला बाहेर उभं केलं. बाबा भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत होते, "गोळी एकदाही चुकवली नाही हो, एकदाही नाही." ते खरं होतं. म्हणूनच कुणाला काही कळेना.

दोन दिवसांनी आईंना धोक्यातून काढल्यावर हेमाली डॉक्टर म्हणाल्या, "काका, त्यांच्या गोळ्या घेऊन या बरं. मला बघू देत."

बाबांना हे ऐकून जरा हुरूप आला. निदान या बाबतीत आपलं घर कमी पडणार नाही! घरी जाऊन ते शबनम भरून बाटल्या घेऊन आले आणि टेबलावर ओळीने मांडल्या. डॉक्टरांनी एक उघडली. चिमटीत धरून एक वाळकं पान बाहेर काढलं.

"हे काय?"

"कडुनिंब. कीड लागू नये म्हणून." बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आणि मे महिन्यात चांगलं ऊन दाखवलंय. अगदी कडकडीत. आपल्याकडे दमट हवा फार."

डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल त्यांच्याकडे फिरवलं. "काका, यावर लिहिलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा."

"हो, वाचलंय ना," बाबा म्हणाले. "भिवंडीत थंड जागा मी कुठून आणू? कोरडी करता येत होती. ती केली."

मला हसू आलं असतं, इतर कुठल्याही दिवशी. डॉक्टरांनी बाटलीचं झाकण लावलं आणि हळू आवाजात सांगितलं की ही गोळी उन्हाने मरते. काकू इतके महिने रोज नेमाने जे घेत होत्या, त्यात औषध जवळजवळ उरलंच नव्हतं.

 बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर घाबरल्या आणि त्यांनी पटकन त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. पारा चढला असेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"अहो, हे तर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या धक्क्यातही छान आटोक्यात आहे. बीपीची गोळी कुठली घेता? बघू."

बाबांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. अर्धं संपलेलं, बाकीचं चकचकीत, कोरं.

"कधीचं हे?"

"परवाच आणलं, खालच्या दुकानातून." बाबा ओशाळून म्हणाले. "माझं काय, संपलं की आणतो. माझ्यासाठी कोण साठवत बसतंय?"

 बाबांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या ओळीकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. डॉक्टर म्हणाल्या, "काकूंचंही तसंच आणत जा. संपत आलं की." बाबांनी मान हलवली आणि विचारलं, "आणि नाहीच मिळालं तर?" त्या एका प्रश्नावर माझी सहा वर्षांची सगळी टवाळी गप्प झाली, कारण कोनपर्यंत चालत गेलेला माणूस मला माहीत होता.  डॉक्टर फक्त म्हणाल्या, "तेव्हाचं तेव्हा बघू, काका. आत्ता त्या जगायला हव्यात."

बाटल्या बाबांनी दवाखान्यातच सोडल्या. दिवाणाखालचा तांदूळ अर्थातच जिथल्या तिथे आहे. आम्ही काही एवढे सुधारलो नाही.

मार्च उजाडेपर्यंत आईंचा स्वेटर निघाला, सूज उतरली. पण आवाज अजून घोगराच होता, आणि त्या फारसं बोलतही नव्हत्या. परवा त्यांची बाटली तळाला आली. बाबा सकाळपासून तिला हलवून हलवून बघत होते. मग पिशवी घेऊन निघाले. मी खिडकीतून पाहिलं, तर त्यांच्या हातात एक नव्हे, घडी केलेल्या तीन पिशव्या होत्या.

आई माझ्या मागून पुढे झाल्या. खिडकीच्या गजांना धरून त्यांनी श्वास घेतला, आणि मागच्या गल्लीतल्या सगळ्या लूमच्या वरून, चौकातल्या रिक्षांच्या वरून त्यांचा आवाज गेला, "अहो! एकच बाटली आणा! एकच!"

बाबा रस्त्याच्या मधोमध थांबले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आई-बहीण काढली, तरी ते हलेनात. वर बघत तसेच उभे राहिले, आणि मग कानामागे हात धरून ओरडले, "काय? ऐकू नाही आलं. परत म्हण!"