पडद्यावर नाव नसलेले हॅल

हॅलच्या अंत्यविधीला आम्ही चार जण होतो. त्यातला एक तिथलाच कर्मचारी.

आज त्याला वर्ष झालं.

हॅल माझे घरमालक. इंग्लंडमधल्या मेडनहेडला त्यांच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. वय ऐंशीच्या पुढे, माणूस अमेरिकन, पेशाने लेखक. नुसत्या नावाने हाक मार म्हणायचे. पहिले सहा महिने माझी जीभच रेटायची नाही.

तरुणपणी त्यांची एक कादंबरी आली. चालली नाही.

मग सिनेमा. एखादी पटकथा फसली की यांना बोलवायचे. हे सीनच्या सीन नव्याने लिहून द्यायचे. पडद्यावर नाव दुसऱ्याचं, आणि 'मी लिहिलं' असं कुणाला सांगायचं नाही, अशा करारावर सही द्यायची.

चाळीस वर्षं त्यांनी ती सही पाळली. हट्टी माणूस.

मला कळलं ते अपघातानेच. रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. बाप-लेकीचा सीन आला आणि हॅलचे ओठ हलायला लागले. शब्दन् शब्द.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"साइन केलंय मी," एवढंच म्हणाले आणि चहा करायला उठले.

त्या घरात आम्ही दोघेच. माझी बायको आणि मुलगी नागपूरला, त्यांची मुलगी अमेरिकेत. तिचा फोन ख्रिसमसला यायचा, दोन-तीन मिनिटं. नंतर हॅल बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. म्हणजे माझ्याशी. दुसरं होतंच कोण?

अंत्यविधीला ती आली होती. पन्नाशीची बाई. बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, डॅड एक पुस्तक लिहून थांबले. आम्हाला सोडून इथे आले आणि इथेही त्यांनी काहीच केलं नाही. रागावून नाही, थकून बोलली.

मला राहवलं नाही. बाहेर कार पार्कमध्ये मी तिला सगळं सांगून टाकलं.

तो सिनेमा तिने पाहिला होता. कुठला सीन, तिने विचारलं.

मी सांगितलं. ज्यात बाप दारात उभा राहून मुलीला म्हणतो, "मी गेलो त्यात तुझी काहीच चूक नव्हती."

ती गाडीची किल्ली हातात धरून उभी राहिली.

"मला हे ते कधीच म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

हॅल, तिला मी सांगितलं. रागावला असाल तर रागवा.

या परक्या गावात तुम्ही माझे होतात. नमस्कार करतो.