गनीभाईच्या छत्रीआडचा कापूस

बोरी अरबचा अब्दुल गनी असा काटेकोर माणूस, की दुसऱ्याने पिळलेला स्क्रू तो उघडून पुन्हा स्वतः पिळायचा. कापसाचा भाव झोपलेल्या त्या वर्षांत गावाची करमणूक म्हणजे गनीचं केबल, आणि केबल म्हणजे त्याच्या गच्चीवरची बारा फुटी डिशची छत्री. पण जवळच इंटरनेटचा टॉवर उभा राहिला, त्याच्या लहरी छत्रीत घुसू लागल्या आणि चित्र फुटू लागलं. होळीपर्यंत साफ झालं नाही तर तारा काढून न्या, असं गिऱ्हाइकांनी सांगून टाकलं.

गनीने टॉवरच्या बाजूला पत्रे बांधले, घमेली टांगली, बायकोची खाटही उभी केली. कमरुन्निसा खाली टीव्हीसमोर बसून हाळी द्यायची, "फुटलं." "अजून फुटलं."

एका सकाळी ती म्हणाली, "साफ हाय." गनीने तर कशालाच हात लावला नव्हता. टॉवर आणि छत्रीच्या मधे शेजारच्या रामरावच्या गच्चीवर कापसाचा ढीग होता, पण तो दोन महिन्यांपासून पडून होता. पाणी लहरी अडवतं हे मात्र गनी पावसाळ्यात शिकला होता. त्याने जाऊन ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"रामरावभाऊ, कापूस काहून वला?"

"उद्या व्यापारी येऊन राह्यला. वजनाले बरं पडते," रामराव खालच्या मानेने म्हणाला. "कोणाले सांगू नको."

"मी कायले सांगतो?" गनी म्हणाला, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिच्यापाशी त्याचं काही पचत नसे.

दुसऱ्या दिवशी व्यापारी उत्तमसिंग रामरावच्या गच्चीवर आला. वरवरचा सुकलेला कापूस चिमटीत धरून त्याने मान डोलावली. तेवढ्यात आपल्या गच्चीवर नवऱ्याची चाहूल लागली म्हणून कमरुन्निसाने सवयीने खालून हाळी दिली, "चित्र साफ हाय. म्हंजे कापूस अजून वलाच हाय."

उत्तमसिंगाने ढिगात हात घातला, शर्टाला पुसला आणि सौदा न करताच जिना उतरला.  रामरावचं वर्षभराचं पीक होतं ते. गनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तीन दिवस तो रामरावसोबत कापूस पसरून उन्हात उलटत राहिला. खालून कमरुन्निसा ओरडायची, "फुटून राह्यलं."

"फुटू दे," गनी म्हणायचा. होळी चार दिवसांवर आली होती.

चौथ्या दिवशी त्यांनी कापूस पुन्हा त्याच जागी रचला आणि निरोप धाडला, तसा उत्तमसिंग पुन्हा आला. तो गच्चीवर गेलाच नाही. कमरुन्निसाच्या टीव्हीसमोर बसून त्याने चित्राचे पुरते तुकडे झालेले पाहिले, आणि सौदा पक्का केला.

गाडी भरून गेल्यावर रामरावने घरातल्या जुन्या गाद्या आपण होऊन गच्चीवर त्याच जागी रचल्या आणि त्यांवर बादल्या ओतल्या. खालून "साफ" ऐकू येईपर्यंत तो थांबला नाही. पाणी मारायला त्याचा हात चांगलाच बसलेला होता.